दोन कपांच्या मधली चौदा वर्षं

भाड्याचं घर शोधत होते तेव्हा एजंटने फोनवर वस्तीचं नाव सांगितलं आणि मी वहीत 'रोहिणी' असं लिहून घेतलं. डब्लिनच्या उत्तर अंगाला, समुद्राच्या जवळ, 'डार्ट' नावाच्या लोकलच्या वाटेवर. स्टेशनवर उतरून पाटी वाचली तेव्हा कळलं, राहीनी. पण पहिल्यांदा कानावर पडलेलं नाव मनातून जात नाही. आईला मी आजही रोहिणीला राहते असंच सांगते, आणि तिलाही ते बरं वाटतं.

शेजारच्या घरात एक वयस्क गृहस्थ एकटे राहतात. आठवडाभराने भेट झाली तेव्हा त्यांनी आधी नाव विचारलं आणि मग लगेच, "तुझी काउंटी कोणती?" मी गोंधळले. मी कराडची, म्हटलं. मग जिल्हा, तालुका असं सगळं सांगावं लागलं. "म्हणजे सातारा," ते म्हणाले. "मग तू साताऱ्याकडूनच खेळली असतीस. दुसऱ्या कुणी कितीही बोलावलं तरी."

ते गेलिक फुटबॉलबद्दल बोलत होते हे मला पुढे समजलं. या खेळात खेळाडूची खरेदी-विक्री नाही. ज्या गावच्या क्लबात तुम्ही लहानाचे मोठे झालात, तो ज्या काउंटीत, तिची जर्सी. काउंटी दुबळी असली तर तुमचं नशीब तितकंच. आणि काउंटी बलाढ्य असली, पण तुमची उमेदीची वर्षं नेमकी तिच्या पडत्या काळात आली, तरी इलाज नाही. या लेखात ज्याच्याबद्दल लिहायचं आहे त्या किअरन व्हेलनचं असंच झालं. तो राहीनीचा. 1996 ते 2009 तो डब्लिनच्या मधल्या फळीत खेळला. डब्लिनने अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं होतं 1995 साली. पुढचं मिळवलं 2011 साली.

हा खेळ आधी थोडा सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन्हीकडे पंधरा-पंधरा खेळाडू. मैदान आपल्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं, एकशेतीस मीटरच्या वर लांब. चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांच्या वर तसाच नेता येत नाही. जमिनीवर टप्पा घ्यायचा, नाहीतर पायाच्या चवड्यावर टाकून पुन्हा हातात उडवून घ्यायचा. याला 'सोलो' म्हणतात, आणि सहा वर्षांची मुलं धावता धावता ते इतकं सहज करतात की बघत राहावं. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखाली जाळीत चेंडू गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. म्हणून गुणफलक दोन आकड्यांत लिहितात, गोल आधी आणि गुण मागाहून. 1-15 म्हणजे अठरा.

या पंधरांत गोलरक्षक, सहा बचावाचे, सहा आक्रमणाचे. उरले दोन. आठ आणि नऊ नंबरच्या जर्सी घालणारे हे दोघं मधल्या फळीचे. सामना सुरू होताना पंच चेंडू यांच्यामध्ये वर टाकायचा. गोलरक्षकाने लांब मारलेला चेंडू आकाशातून खाली यायचा तोही यांच्याच डोक्यावर, आणि चार उंच माणसं एकाच वेळी त्याच्यासाठी झेपावायची. शेजारचे आजोबा (मी त्यांना मनात आजोबाच म्हणते) सांगतात, की सगळी गोम या झेपेत आहे. चेंडूच्या खाली जाऊन थांबायचं नाही. थोडं मागे राहायचं, धावत यायचं आणि तो सगळ्यात उंच असताना घ्यायचा. थांबलेल्या माणसाला झेप घेता येत नाही.

मी व्हेलनला खेळताना कधीच पाहिलं नाही. मी आले तेव्हा तो सुटाबुटात टीव्हीवर होता. रविवारी आरटीई या इथल्या सार्वजनिक वाहिनीवर 'द संडे गेम' लागतं. 1979 पासून चालू असलेला हा कार्यक्रम इथे उन्हाळ्याचा भागच आहे. पहिल्या वर्षी आजोबांनी मला चहाला बोलावलं होतं. सामना अर्ध्यावर थांबला, तीन माणसं टेबलामागे दिसली, त्यातल्या एकाकडे त्यांनी चमचा केला आणि म्हणाले, "हा आपला. पार्काच्या पलीकडचा." आपला म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली आला. मग त्यांनी त्याची गोष्ट सांगायला घेतली. ती एका चहात संपणारी नव्हती. पुढे मी जुने सामने शोधून शोधून पाहिले.

व्हेलन संघात आला तेव्हा डब्लिन गतविजेतं होतं. कुणालाही वाटेल, पोरगा योग्य वेळी आला. उंच, दणकट, हवेत चेंडू पकडणारा आणि पकडल्यावर तिथेच न घुटमळता समोरची गर्दी चिरत पन्नास मीटर धावणारा. असा मधल्या फळीचा खेळाडू दहा-बारा वर्षांत एखादाच येतो. पण त्या पहिल्याच उन्हाळ्यात लेन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात शेजारच्या मीथ काउंटीने डब्लिनला हरवलं, आणि मग घसरण लागली. 1997 ला पुन्हा मीथ, 1999 आणि 2001 च्या प्रांतिक अंतिम सामन्यांतही मीथच. 2000 ला किल्डेअर. दहा लाखांवर वस्तीच्या राजधानीचा संघ आणि सहा वर्षं साधा प्रांतही जिंकता येईना.

2001 चा उन्हाळा आजोबांना तारखेसकट आठवतो. डब्लिनचा केरी काउंटीशी सामना क्रोक पार्क हे डब्लिनमधलं मोठं मैदान सोडून टिपेररीतल्या थर्ल्स गावी होता. त्या दिवशी सगळं शहर रस्त्यावर होतं, ते म्हणतात. डब्लिन मागे पडलं, मग पुढे गेलं, आणि शेवटच्या क्षणी केरीच्या मॉरिस फिट्झजेरल्डने बाजूच्या रेषेवरून, अगदी तिरक्या कोनातून चेंडू दांडीवरून घालवला. सामना बरोबरीत. फेरसामना केरीने जिंकला. तो फटका मी कितीदा तरी पाहिला आहे. केरीच्या माणसाला तो सुंदर दिसत असणार. मी राहीनीची झाले आहे, मला तो दिसतो तेव्हा पोटात खड्डा पडतो.

2002 साली अखेर प्रांत मिळाला. त्यानंतर 2005 पासून 2009 पर्यंत सलग पाच. व्हेलनच्या नावावर लेन्स्टरची सहा पदकं आहेत. ही लहान गोष्ट नव्हे, पण डब्लिनमध्ये ती कुणी मोजत नाही. इथे मोजायची वस्तू एकच, अखिल आयर्लंड विजेत्याला मिळणारा सॅम मॅग्वायर कप. लोक नुसतं 'सॅम' म्हणतात, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. सॅम यंदा कुठे, सॅम घरी कधी येणार.

आणि सॅम तीनदा अगदी दारापर्यंत आला. 2002 च्या उपांत्य सामन्यात अर्मा एका गुणाने पुढे होतं. शेवटची फ्री किक, रे कॉसग्रोव्हच्या पायाशी. त्या उन्हाळ्यात त्याचा एकही फटका चुकत नव्हता. चेंडू खांबावर आदळला आणि मैदानात परत आला. अर्माने पुढे अंतिम सामना जिंकून त्यांच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद मिळवलं. 2006 ला समोर मेयो. त्यांनी मैदानात येऊन सरावासाठी नेमकी हिल सिक्स्टीनच्या समोरची बाजू धरली. हिल म्हणजे क्रोक पार्कचा तो उघडा उतार, जिथे डब्लिनचे लोक निळ्या कपड्यांत उभ्याने सामना बघतात. डब्लिनचे खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एका ओळीत तिथेच चालत गेले आणि सामना सुरू व्हायच्या आतच धक्काबुक्की झाली. दुसऱ्या सत्रात डब्लिन सात गुणांनी पुढे होतं. मेयोने ते सगळं भरून काढलं, आणि शेवटी किअरन मॅकडोनल्डने डाव्या पायाने मारलेला गुण निर्णायक ठरला. 1-16 विरुद्ध 2-12. पुढच्या वर्षी केरी, 1-15 विरुद्ध 0-16.

तीन उपांत्य सामने. मिळून फरक चार गुणांचा. मी ही बेरीज एकदा कागदावर केली आणि बराच वेळ त्या चाराच्या आकड्याकडे बघत राहिले. चौदा वर्षांत व्हेलन अखिल आयर्लंडच्या अंतिम सामन्यात एकदाही उतरला नाही, आणि त्याचं कारण दांडीवरून जाऊ न शकलेले चार चेंडू.

2007 च्या शेवटी वर्षातल्या सर्वोत्तम पंधरांचा ऑल-स्टार संघ जाहीर झाला. मधल्या जोडीत दोन नावं: किअरन व्हेलन आणि केरीचा डॅरा ओ शे. त्या दिवशी ओ शेकडे सॅमची पाच पदकं होती, 2009 ला सहावं आलं. व्हेलनकडे शून्य. आणि तरी निवड करणाऱ्यांना दोघांना शेजारी शेजारी बसवताना अडचण वाटली नाही. मला ही निवड फार बोलकी वाटते. चेंडू हवेत असताना खाली उभ्या माणसाच्या घरच्या कपाटात काय आहे ते चेंडूला ठाऊक नसतं.

2009 वाईट गेलं. उपांत्यपूर्व फेरीत केरीने डब्लिनचा सतरा गुणांनी धुव्वा उडवला, 1-24 विरुद्ध 1-7. आमचे खेळाडू घाबरलेल्या किड्यांसारखे सैरावैरा झाले होते, असं प्रशिक्षक पॅट गिलरॉयने स्वतः सांगितलं. ते व्हेलनचं डब्लिनच्या जर्सीतलं शेवटचं वर्ष. दोन वर्षांनी, 18 सप्टेंबर 2011 ला, त्याच गिलरॉयचा संघ अंतिम सामन्यात केरीविरुद्ध चार गुणांनी मागे होता. केव्हिन मॅकमॅनमनने गोल केला. मग अगदी शेवटी, बरोबरी असताना, गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टन आपली जागा सोडून धावत पुढे आला, फ्री किक मारली आणि परत आपल्या गोलाकडे धावत निघाला. 1-12 विरुद्ध 1-11. फरक एका गुणाचा. ज्या एका गुणाने दोनदा पाठ फिरवली होती, तो आता आला.

हे सगळं मी आईला फोनवर सांगत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण पगार किती असतो त्यांना?" काहीच नसतो, म्हटलं. प्रवासाचा खर्च मिळतो, सरकारचं थोडं अनुदान असतं. 1884 साली थर्ल्सच्या एका हॉटेलात गेलिक खेळांची संघटना स्थापन झाली तेव्हापासून खेळ हौशीच राहिला आहे. ऐंशी हजारांवर माणसं क्रोक पार्क भरून टाकतात आणि खेळणारा सोमवारी सकाळी कामावर जातो. तो क्लक्स्टन शाळेत विज्ञान शिकवतो. "म्हणजे त्याच्या वर्गातल्या पोरांनी बघितलं असेल त्याला हरताना," आई म्हणाली. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

आईच्या त्या वाक्यानंतर मी रविवारचा कार्यक्रम वेगळ्या कानांनी ऐकायला लागले. पगार घेणाऱ्या खेळाडूवर टीका करणं वेगळं. इथे ज्याच्याबद्दल टेबलामागून बोललं जातं तो उद्या सकाळी बँकेत, शाळेत, गोठ्यात असणार आहे. त्याची आई चर्चमधून बाहेर पडताना शेजारणीला भेटणार आहे. म्हणून इथे विश्लेषकाच्या शब्दाला वजन फार.

2013 साली याचा कडेलोट झाला होता. टिरोन आणि मोनाहन यांच्या सामन्यात मोनाहनचा कॉनर मॅकमॅनस गोलाकडे मोकळा सुटला होता. टिरोनच्या शॉन कॅव्हनाने त्याला मागून मिठी घालून पाडलं. नियमाप्रमाणे फ्री किक आणि पिवळं कार्ड, एवढंच. टिरोन जिंकलं. आरटीईच्या स्टुडिओत जो ब्रॉली संतापला. तो मुळात टिरोनच्याच शेजारच्या डेरी काउंटीचा, आपल्या काळचा नावाजलेला आक्रमक खेळाडू. त्या कृतीवर तो तुटून पडला असता तर कुणाची हरकत नव्हती. पण तो कॅव्हनाच्या माणूस असण्यावरच गेला, आणि त्यावर देशभर वाद पेटला. अशा पाडापाडीसाठी खेळाडूला मैदानाबाहेर काढणारं काळं कार्ड आधीच मंजूर झालं होतं, ते 2014 पासून लागू झालं. टिरोनला तीन वेळा सॅम मिळवून देणारा, 2008 चा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, व्यवसायाने हिशेबनीस असलेला कॅव्हना 2017 ला निवृत्त झाला. आणि मग तोही आरटीईच्या टेबलामागे जाऊन बसला. ज्या खुर्चीतून आपल्याबद्दल तसं बोललं गेलं, त्या खुर्चीत पहिल्यांदा बसताना त्याच्या मनात काय आलं असेल, हे मला विचारावंसं वाटतं. कॅव्हनाही मूळचा मधल्या फळीचाच.

व्हेलनला ऐकायला मला आवडतं याचं कारण तो कुणाच्या माणूसपणाला हात घालत नाही. तो आवाज चढवत नाही, आणि एखाद्या वाक्याची दुसऱ्या दिवशी बातमी व्हावी म्हणून बोलत नाही. धावणाऱ्या खेळाडूमागे कोण गेलं नाही, किक-आउट (गोलरक्षकाने गोलापासून मारलेला चेंडू) कुठे पडत होती, दुसऱ्या सत्रात दम कुणाचा गेला, हे तो साधेपणाने दाखवतो. चूक असेल तर चूक म्हणतो. मला आपलं वाटायचं की मधल्या फळीतून दोन्ही बाजू दिसत असणार, म्हणून असा माणूस चांगलं समजावून सांगत असेल. आजोबांनी ते साफ उडवून लावलं. "मधल्या माणसाला काही दिसत नाही. त्याला फक्त आकाश दिसतं, आणि बरगडीत आलेलं कोपर." मग थोडं थांबून म्हणाले, "एका गुणाने हरलेल्या माणसाला मात्र पुष्कळ दिसतं. त्याने तो सामना मनात हजार वेळा पाहिलेला असतो."

आता राहीनीची दुसरी गोष्ट. 2015 मध्ये डब्लिनच्या मधल्या फळीत एक उंच, शांत मुलगा आला, ब्रायन फेंटन. क्लब राहीनी. तीच गल्लीबोळं, तेच पार्क, तीच जागा. पदार्पणापासून 2021 च्या उपांत्य सामन्यात मेयोकडून हार होईपर्यंत तो चॅम्पियनशिपमधला एकही सामना हरला नाही. सहा वर्षं! डब्लिनने 2015 ते 2020 सलग सहा विजेतेपदं मिळवली, 2023 ला आणखी एक. फेंटनची सात पदकं. दोनदा तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका लहानशा वस्तीने एकाच जागेसाठी दोन माणसं दिली, एकाला चौदा वर्षांत एकही अंतिम सामना नाही आणि दुसऱ्याला दहा वर्षांत सात सॅम. सामना लागला की पडद्यावर फेंटन आणि मध्यंतराला टेबलामागे व्हेलन, असे कितीतरी उन्हाळे गेले. आजोबांना यात काही विचित्र वाटत नाही. एकाने वाट केली, दुसरा चालला, असं काही ते म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. ते म्हणाले, "व्हेलन जास्त उंच उडायचा."

त्यांच्या या हट्टामागे एक दुःख आहे. तो उंच झेल खेळातूनच निघून चालला होता, आणि गंमत अशी की तो घालवला व्हेलनच्याच संघातल्या माणसाने. क्लक्स्टन 2001 ला संघात आला. तेव्हा गोलरक्षक चेंडू जमेल तितका लांब मारायचे आणि मधल्या चौघांनी तो आकाशातून आणायचा. क्लक्स्टनने चेंडू माणूस हेरून मारायला सुरुवात केली. आखूड, नेमका, मोकळ्या सहकाऱ्याच्या छातीवर. चेंडू आपल्याकडेच राहतो, मग नशिबावर का सोडायचा? हळूहळू सगळ्या काउंट्यांनी तेच धरलं. चेंडू मागच्या मागे हातातून हातात फिरू लागला, आणि मधल्या फळीतली उंच माणसं नुसतीच इकडून तिकडे धावू लागली. स्वच्छ झेल घेणाऱ्याला बक्षीस म्हणून 2017 पासून मोकळी किक मिळू लागली, तरी फारसा फरक पडला नाही. काही सामने बघताना आजोबा झोपी जायचे. मी चहाचे कप उचलून हळूच दार लावून यायचे.

2025 च्या हंगामापासून नियम बदलले. डब्लिनचा जुना प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या समितीने ते सुचवले. आता किक-आउट चाळीस मीटरच्या कमानीपलीकडे गेलीच पाहिजे, आणि त्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या चेंडूला दोन गुण. म्हणजे चेंडू पुन्हा आकाशात. फेंटन त्याआधीच, 2024 च्या नोव्हेंबरात, निवृत्त झाला होता. 2025 च्या उन्हाळ्यातल्या पहिल्या मोठ्या सामन्यात गोलरक्षकाने लांब मारलं, चार माणसं झेपावली आणि एकाच्या दोन्ही हातांत चेंडू बसला. मध्यंतरात तेच दृश्य हळू गतीने दाखवलं. आजोबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच प्यायला.

परवा संध्याकाळी सेंट ॲन्स पार्कातून येत होते. मैदानावर दहा-अकरा वर्षांच्या मुलींचा सराव चालू होता. प्रशिक्षक चेंडू सरळ वर मारत होता आणि एकेक जण पुढे येत होती. एक किडकिडीत मुलगी चेंडूच्या बरोबर खाली जाऊन थांबली, हात वर करून. चेंडू बोटांतून निसटून नाकावर लागला. ती डोळे पुसत परत रांगेत गेली. पुढच्या खेपेला ती आधी चार पावलं मागे सरली. चेंडू वर गेला, झाडांच्या शेंड्यांच्याही वर, आणि ती धावली. हातात बसल्याचा आवाज कुंपणापर्यंत आला.